निशाची इंग्रजी, तृप्तीची आखाजी

मध्य प्रदेशातल्या बहादरपुरात पाटलांची थोरली सून तृप्ती हिच्याबद्दल वाकडं बोलणारं माणूस शोधून सापडायचं नाही. केळीच्या कटाईला मजूर आले की सगळ्यांच्या भाकरी ती एकटी थापायची, वर कपाळाला आठी नाही. सासू चंद्रभागाबाई गावभर तिचं कौतुक सांगायची. अशा बाईला मत्सर शोभत नाही, हे तृप्तीलाही कळत होतं. कळून उपयोग काय? धाकटी जाऊ हिमानी घरात आल्यापासून तिचा जीव जळत होता, आणि तोही साडीदागिन्यांवरून नव्हे, इंग्रजीवरून.

तृप्तीची लेक निशा बुऱ्हाणपूरच्या इंग्रजी शाळेत सातवीला. तृप्ती स्वतः रावेरकडची, मराठी शाळेतून बारावी झालेली. पण निशाला पहिलीपासून तिनेच शिकवलं. ओट्यावर गाईड उघडं ठेवायचं, भाजी परतता परतता धडा आधी आपण समजून घ्यायचा आणि मग लेकीला सांगायचा. दोघी मिळूनच इंग्रजी शिकल्या म्हणा ना. संध्याकाळचा तो तास तृप्तीचा हक्काचा होता. नवरा योगेंद्र मळ्यातून आला तरी त्याला चहासाठी ताटकळावं लागायचं, आणि तोही बिचारा ताटकळायचा.

मग मार्गशीर्षात धाकट्या दिराचं, रितेशचं लग्न झालं. हिमानी आली इंदूरची, बी.एड. झालेली, गोरी, हळू बोलणारी. ती कॉलेजात असतानाच तिची आई वारलेली आणि वडिलांनी दुसरं लग्न केलेलं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच सुमारास निशाच्या शाळेत नव्या बाईंनी नवं खूळ काढलं. रोज एक इंग्रजी शब्द द्यायचा, आणि त्याचे जेवढे अर्थ तेवढी वाक्यं मुलांनी करून आणायची. तृप्तीला डिक्शनरीत अर्थ सापडायचे, घोडं अडायचं ते वाक्यापाशी. एकदा 'बँक' शब्द आला. पैशांची बँक झाली, नदीचा काठ राहिला. तृप्तीने मोठ्या ऐटीत वाक्य सांगितलं, "आय गो टु तापी बँक."

निशा खुदकन हसली. "मम्मी, हे तर असं वाटतंय की तापी नावाची बँक आहे. थांब, काकूला पूछते."

ती जी उठून माडीवर गेली ती रोजच जायला लागली. वरून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा आणि खाली तृप्ती कणकेवर राग काढायची. पोळ्या त्या दिवसांत फार मऊ व्हायच्या, असं सासू म्हणायची.

'फेअर' शब्दाच्या दिवशी तर कहरच झाला. निशाने तीन वाक्यं केली आणि आईला वाचून दाखवली. न्यायाधीश निष्पक्ष होता. आम्ही इच्छापुरच्या जत्रेला गेलो. आणि तिसरं, "माय आंट इज फेअर." माझी काकू गोरी आहे. तिन्ही अर्थ बरोबर, तिन्ही वाक्यं बरोबर, चूक काढायला बोटभर जागा नाही. तृप्तीने आपल्या सावळ्या हातांकडे पाहिलं आणि ते पदराखाली घेतले. इतकी वर्षं जिचे नाकडोळे पुसले तिला वाक्यात घ्यायला काकूच सापडली, हे तिच्या मनातून जाईना.

चैत्र अर्धा सरला तशी निशा शाळेतून उड्या मारत आली. शब्दांची स्पर्धा होती. स्टेजवर शब्द मिळणार आणि तिथल्या तिथे त्याच्या सगळ्या अर्थांची वाक्यं बोलायची. प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस पहिल्या रांगेत बसणार होतं.

"मम्मी, काकूला घेऊन जाऊ? तुला तिथे बोर होईल ना."

"ने की," तृप्ती म्हणाली. पण ती खुर्ची तिची होती. तेवढ्या एका खुर्चीसाठी तिने काय केलं ते ऐका.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आपल्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. नव्या नवरीने पहिली आखाजी माहेरी करायची, भाऊ मुऱ्हाळी होऊन तिला न्यायला येतो, आणि मग माहेरी झोके, गाणी, आमरस, मांडे. तृप्ती सासूजवळ जाऊन बसली. "आई, हिमानीची पहिली आखाजी. आठ दिवस आधीच धाडून देऊ या. लोक म्हणतील, पाटलांनी सून कोंडून ठेवली." आठ दिवस आधी म्हणजे स्पर्धेच्या आधी, हा हिशोब तिने सासूला सांगितला नाही. माहेरी सावत्र आई आहे हेही तिला आठवत होतं. सावत्र असली तरी आईच, असं तिने स्वतःच्या मनाला बजावलं आणि मनानेही फार ओढून धरलं नाही.

चंद्रभागाबाईला थोरल्या सुनेचं मन किती मोठं असं झालं. तिने हिमानीला विचारलं, "मुऱ्हाळी कोन येईन व तुले न्यायला?"

"कोणी नाही, आई. मी बसने चली जाईन."

मुऱ्हाळी नाही म्हटल्यावर कुठल्याही बाईच्या काळजात चर्र व्हावं. तृप्तीच्या झालंही. पण तिने घाईघाईने सांजोऱ्यांचा डबा भरला आणि जावेच्या पिशवीत ठेवला. रितेश बसस्टँडवर पोचवून आला. निशा दोन दिवस फुगून बसली.

आता तयारीला तृप्तीच होती. 'लाइट' म्हणजे दिवा, 'लाइट' म्हणजे हलकं, तिने पाठ करून ठेवलं होतं. निशा म्हणाली, "आणि पेटवणं. काकूने बताया होता." तृप्तीने ओठ आवळले. ती इंदुरात बसूनही या घरात शिकवत होती.

स्पर्धेच्या दिवशी तृप्ती ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. निशाला शब्द आला 'मॅच'. तिने माइक धरला आणि न अडखळता सांगितलं की आमच्या शाळेने मॅच जिंकली, दादाजींनी मॅचने शेगडी पेटवली, आणि माझ्या आईच्या बांगड्या तिच्या साडीला मॅच होतात. टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला. वाक्यात आई आली म्हणून तृप्तीचे डोळे भरले. तिला वाटलं, जिंकलं.

निशा स्टेजवरून धावत आली ती थेट तिच्या पर्सकडे. "फोन दे. पहिले काकूला सांगते."

व्हिडिओ कॉल लागला. हिमानीच्या मागे लोखंडी पलंगांची रांग आणि दोरीवर वाळणारे कपडे दिसत होते.

"काकू, हे घर नाही ना तुझं?"

"माझं जुनं हॉस्टेल आहे, बेटा. पप्पांकडे पाहुणे आलेत, तिथे जगह नव्हती. तू सांग, कौनसा शब्द आला?" ती हसत होती. निशाने तिन्ही वाक्यं सांगितली तशी तिने पलंगावर बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या.

तृप्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका खुर्चीसाठी तिने पोरीला ऐन सणाच्या तोंडावर परक्या पलंगावर झोपायला लावलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही, निशाचं तोंड फोनमध्ये कसं फुललंय ते पाहून, तिच्या पोटात जळतच होतं. लाज आणि जळफळाट दोन्ही एकदम होत होते. तिने फोन हातात घेतला.

"हिमानी, सामान भरून ठेव. उद्या मुऱ्हाळी येतोय तुला न्यायला."

"कोण, ताई?"

"माझा भाऊ. पंडित. तुझी आखाजी रावेरला."

पंडितला तिने काय सांगितलं ते तिचं तिला माहीत. तो मुकाट्याने इंदूरला गेला आणि रीतीप्रमाणे हिमानीची पिशवी आपल्या हातात घेऊन तिला रावेरला घेऊन आला. तृप्ती आणि निशा आधीच पोचल्या होत्या. तृप्तीची आई मालूबाई दारातच होती. तिने हिमानीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. जेवताना आमरसाची पहिली वाटी तिच्यापुढे गेली. "काय गुणाची पोर आहे व, तृप्ती. अन् बोलते किती गोड." दुसरा मांडाही तिलाच वाढला. तृप्तीने आपल्या सख्ख्या आईकडे असं पाहिलं की पंडितला हसू आवरेना.

दुपारी निंबाखालच्या झोक्यावर हिमानी बसली होती आणि निशा तिला झोके देत होती. तृप्ती जवळ गेली. बरंच काही बोलायचं ठरवून आली होती, माफी वगैरे. निघालं ते भलतंच.

"घरी गेल्यावर हिचा अभ्यास तूच घेत जा," ती म्हणाली. "तुझ्यासारखी वाक्यं मला नाही जमत."

हिमानीने पाय टेकून झोका थांबवला. "ताई, तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल की. रोज वाटेल." तृप्तीने झोक्याचा दोर धरला. "म्हणून तर सांगते, माडीवर नको. खाली, माझ्या ओट्यापाशी बसा."