चार फूट दहा

"मार्था गेली," पास्कल फोनवर म्हणाला आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्याने पुढे सांगितलं, "झोपेतच गेली गं... काही त्रास झाला नाही." मी रडले, पण खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. शेवटी शेवटी कूस बदलतानाही ती कण्हायची. बायकोचं ते कण्हणं ऐकून पास्कलही निम्मा झाला होता.

भुईगावच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर. पुढे तिने गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर हौसेने लग्नाचे गाऊन शिवायला घेतले. पाच वर्षांपूर्वी माझ्या लेकीचा, रियाचाही तिनेच शिवला. रिया आयर्लंडमध्ये नर्स, लग्नाच्या आदल्या दिवशी पोहोचणार. सॅटिन तिने तिकडूनच पाठवलं, तेही मोजकं. मापं कळवली सेंटिमीटरमध्ये. खांद्यापासून जमिनीपर्यंत एकशे पंचवीस. मार्थाने खडूने खुणा केल्या, कात्री उचलली... आणि खाली ठेवली.

"रिया उंचीला तुझ्यावरच गेलीय ना? इकडे ये."

तिने कापड माझ्या खांद्याला लावलं. खडूची रेघ पोटऱ्यांवर आली! लगेच रियाला फोन लावला. ती वैतागली, "मावशी, मोबाइलनेच फुटांचे सेंटिमीटर करून दिलेत!"

"त्यात टाकलंस काय?"

"चार पॉइंट दहा. मैत्रिणीने टेपने मोजलं ना, चार फूट दहा इंच."

मार्था हसत सुटली. "अगं बाय, पॉइंट दहा म्हणजे फुटाचा दहावा भाग, सव्वा इंचसुद्धा नाही! फूट बारा इंचांचा गं!"

खरं माप निघालं एकशे सत्तेचाळीस. गाऊन वीतभर आखूड झाला असता आणि तसं सॅटिन पुन्हा मिळणार कुठून? मी तीनतीनदा तोच हिशेब करून पाहिला. मार्थाने आधी मला पाणी दिलं, मगच कात्री चालवली. रिया चर्चच्या देवळात शिरली तेव्हा गाऊनचा घोळ जमिनीला अलगद टेकत होता.

गेल्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून पास्कलकडे गेले. शिवणाची खोली त्याने आवरलेली नाही. मशीनवर रियाच्या लेकीसाठी शिवायला घेतलेला फ्रॉक होता. एक बाही लावलेली, दुसरी टाचण्यांनी अडकवलेली. तिथवरच तिचे हात चालले असावेत...

"राहू दे का तसाच?" पास्कलने विचारलं.

"नको रे. पोर वाढतेय, तिला होईल तोवर घालू दे."

त्याने खिडकी उघडली. मी मार्थाच्या स्टुलावर बसले आणि सुईत दोरा ओवला.