गेल्या सालचा कळप

मेंढरू घेताना लोक दात बघतात. खुटबावचे हौसराव विकणाऱ्याला म्हणायचे, "गेल्या साली ज्याला इकली, त्याच्याकडं ने." ती मेंढरं धड दिसली, तरच कनवटीला हात. पुढं कळप मोडून ते शेतीला लागले, पण सवय राहिली. त्यांची बायको दगडाबाई म्हणायच्या, "मला बघाया आले तवा ह्यांनी आधी माझ्या थोरल्या भनीच्या सासरी चौकशी केली."

"मग? फसलो का?" हौसराव विचारत, आणि उत्तराला थांबत नसत.

दोन हजार दोन साली त्यांची लेक सुलक्षणा बारावी झाली. घरच्या उरलेल्या मेंढ्या त्याच आठवड्यात विकल्या होत्या. पैसे एकाच कोर्सपुरते. चुकलं तर पोरगी घरी. बापलेक शिरूरला आले.

आधी मल्टिमीडियाचा क्लास. फी कमी. हौसरावांनी गेल्या सालची पोरं बघायला मागितली.

मास्तर ओशाळले. "पांगली हो सगळी. एक लग्नाच्या कॅसेटींत गुलाब उडवतो, एक रांजणगावच्या कंपन्यांची पत्रकं करतो, एक पुण्याला पळाला."

"राखणाराच कच्चा," जिना उतरताना हौसराव म्हणाले.

"पण आबा, ती कमावत्यात."

"चुकलेलं मेंढरू बी चरतंच की."

सॉफ्टवेअरचा क्लास महाग होता. काचेचं दार, आत माघातली थंडी. फी घेणारी धनश्री गेल्या सालची पहिली. शिकवणारा सार्थक दुसरा. पाणी घेऊन आलेला शंभूही इथलाच डिप्लोमावाला.

"म्हंजी एकबी गेला न्हाई?"

"कुणीच नाही, मामा," धनश्री म्हणाली. हसली नाही.

"पोट भरल्याबिगर मेंढरू टिकत न्हाई," असं म्हणून हौसरावांनी नोटा काढल्या.

सुलक्षणानं हळूच विचारलं, "ताई, पगार किती?"

धनश्रीनं आधी सरांच्या बंद केबिनकडं बघितलं. "अमेरिकेतला बाजार सुधारला की देणार आहेत."

हे हौसरावांनी ऐकलं, पण तोवर पावती फाटली होती. पोरीला पहिल्या तासाला बसवून ते बाहेर आले. दार मागं उघडंच राहिलं. आतून कुणी उठलं नाही, लावायलासुद्धा.

तेव्हा त्यांना लहानपणचा भीमाकाठचा तळ आठवला. सकाळी वाघरीचं जाळं उचललं, तरी मेंढरं बाहेर पडेनात. एकमेकांत तोंडं खुपसून गप उभी. हौसराव म्हणाले होते, "पोट भरलं आसंल." बापानं काठी उचलली आणि हलक्या आवाजात सांगितलं, "न्हाई. लांडगा आलाय."

हौसराव तसेच आत वळले. सुलक्षणा शंभू आणि सार्थकच्या मध्ये, खुर्चीला खुर्ची लावून बसली होती. केबिनमध्ये कुणीतरी खाकरलं, तशी चौघांनी माना खाली घातल्या.

"सुले, चल. घरला जाऊ."

"फी माघारी मिळत न्हाई आबा," ती मान वर न करता म्हणाली, आणि जागची हलली नाही.