नवरे विलायतेत शिकत होते तेव्हा

असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. तीन बायका दर शनिवारी एका बाकावर बसायला लागल्या, तिघींच्या हातात शिवण असलं आणि तिघींचे नवरे समुद्रापलीकडे असले, की ते आपोआप साठत जातात. शिवलेल्या चोळ्या केव्हाच फाटल्या. किस्से तेवढे राहिले! आता तुम्ही बसलाच आहात तर सांगते.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत शनिवारी दुपारी मोठ्या बायकांसाठी शिवणाचा वर्ग भरायचा. त्यात आम्ही तिघी. गोदाताई सगळ्यांत मोठ्या. त्यांचे यजमान वकील, लंडनला बॅरिस्टर व्हायला गेलेले. शांता अकोल्याकडच्या पाटलांची सून. नवरा शेतकी शिकायला गेला म्हणून अमरावतीला माहेरी राहत होती. आणि मी इंदू. आमच्याकडचे, म्हणजे माझे यजमान, कापड रंगवण्याचं रसायनशास्त्र शिकायला गेले होते. माझे सासरे हेडमास्तर. ते लोकांना नुसतं "केमिस्ट्री" एवढंच सांगायचे. एकदा पूर्ण नाव सांगितलं, तर शेजारचे म्हणाले, "म्हणजे रंगारीच की!"

वर्गातल्या बाकीच्या बायका आम्हाला 'विलायती मंडळ' म्हणायच्या. तिघींपैकी एकीनंही अकोल्यापलीकडचं स्टेशन पाहिलेलं नव्हतं!

विलायतेची डाक आठवड्यातून एकदा यायची, बहुतेक शनिवारी सकाळी. दुपारी वर्गात शिरताना एकमेकींचे चेहरे पाहिले की पुरे. कोणाकडे पत्र आलं, कोणाकडे नाही, हे विचारावं लागत नसे.

*

गोदाताईंचे सासरे भिक्षुकी करायचे. अमरावतीतलं कुठलंही लग्न, मुंज, श्राद्ध त्यांच्यावाचून व्हायचं नाही. पहिल्याच वर्षी मुलाचं पत्र आलं. बॅरिस्टरच्या कोर्सात परीक्षा तर असतातच; पण दर सत्रात ठरावीक वेळा तिथल्या मोठ्या दालनात सगळ्यांबरोबर बसून जेवावंही लागतं. जेवणं भरली नाहीत तर बॅरिस्टर होता येत नाही!

सासऱ्यांनी चष्मा पुसून तो मजकूर पुन्हा वाचला.

"जेवणाची हजेरी घेतात?"

"तसंच लिहिलंय," गोदाताई दाराआडून म्हणाल्या.

"असं असेल तर मी आतापर्यंत हायकोर्टाचा जज्ज व्हायला हवा होतो!"

आम्ही पोट धरून हसलो. गोदाताईही हसल्या. मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "मला बरं वाटलं बाई. आधी लिहिलं होतं, खोलीवर एकटाच जेवतो, घास उतरत नाही. आता निदान त्या दिवशी तरी समोर कोणी असेल."

"आणि तुमच्या समोर?" मी विचारलं.

"माझ्या समोर रिकामी पातेली. सगळ्यांचं झाल्यावर बसते ना मी!"

*

शांताचे सासरे म्हणजे काळ्या जमिनीचे पाटील. शेतकीचा कोर्स ही गोष्टच त्यांना पटली नव्हती. दिवाळीला शांता सासरी गेली होती तेव्हा मुलाचं पत्र आलं. शांतानं वाचून दाखवलं, "इथे कापूस पिकत नाही."

पाटील म्हणाले, "पुन्हा वाच."

शांतानं पुन्हा वाचलं.

"म्हनजे पोट्टं पऱ्हाटीचं शिकाले गेलं, आन् तिथं पऱ्हाटीच नाई? मंग शिकून काय राहिला तो?"

पुढे लिहिलं होतं की कॉलेजात काचेचं एक उबदार घर आहे. त्यात कपाशीचं एकच झाड, कुंडीत लावलेलं, गळ्यात नावाची पाटी. प्रोफेसरांनी वर्गाला विचारलं, हे झाड पूर्वी कोणी पाहिलंय का? "मी हात वर केला आणि मला एकदम रडू आले."

पाटील मोठ्यानं म्हणाले, "एका झाडासाठी रडून राहिला! काहून गेला मंग? इथं वावरभर हाय ना!" आणि तडक उठून शेताकडे गेले.

संध्याकाळी आले ते हातात एक उमललेलं बोंड घेऊन. शांतासमोर ठेवलं आणि दुसरीकडे पाहत म्हणाले, "त्याले पाकिटात घालून धाड. मी देल्लं म्हनून लिवू नको."

महिना-दीड महिन्यानं उत्तर आलं, "बोंड पोचले. प्रोफेसरांनी ते वर्गात सर्वांना हाताळायला दिले. माझ्याकडे परत आले तेव्हा निम्मेच उरले होते. ते उशाशी ठेवले आहे. बाबांना सांगू नकोस."

शांता आम्हाला म्हणाली, "बापानं सांगू नको म्हनलं, लेकानं सांगू नको म्हनलं. मी काय टपालपेटी हाओ?"

*

आमच्याकडे पत्र यायचं ते मामंजींच्या नावानं. मामंजी बैठकीत बसून खणखणीत आवाजात वाचायचे. सगळे समोर, मी दाराआड. थंडी कशी आहे, प्रयोगशाळा केवढी आहे, धुकं कसं पडतं. शेवटी ठरलेली ओळ, "घरातील वडील मंडळींस साष्टांग नमस्कार, लहानांस अनेक आशीर्वाद." पत्र संपलं!

दीड वर्ष असं ऐकल्यावर एका शनिवारी मी वर्गात विचारलं, "गोदाताई, मी वडील मंडळींत की लहानांत?"

"वय काय तुझं?"

"एकोणीस."

"मग लहानांत. आशीर्वाद घे आणि गप्प बस!"

शांता म्हणाली, "तुले आशीर्वाद तं भेटते. आमचे लिवतेत, 'बैलांना जपा.' मी तं बैलाईतही नाई!"

पुढच्या पत्राला मामंजींनी शेवटची ओळ वाचली, तर पाच वर्षांचा पुतण्या ओरडला, "माझा आशीर्वाद!" सगळे हसले. दाराआड मी पदराखाली हात जोडून उभी होते. माझ्या वाटणीचा घेत होते.

*

शांताच्या दिराचं लग्न अकोल्याला होतं. तिनं हट्टानं आम्हा दोघींना नेलं, कारण तिथे तिच्या नात्यातले एक डॉक्टर भेटणार होते. चार वर्षं विलायतेत शिकून आलेले. अंगणाच्या टोकाला खुर्ची टाकून ते एकटेच बसले होते. परदेशी राहून आलेला माणूस, कोणी फार जवळ जात नव्हतं.

गोदाताईंनी धीर करून विचारलं, "तिथं माणसाला काय पाठवावं हो? लोणचं टिकतं का?"

"टिकतं," डॉक्टर म्हणाले. "पण खरं लिहून पाठवा. मला घरून नेमानं पत्र यायचं. इकडे सर्व कुशल आहे, अभ्यास नीट करावा. चार वर्षं हेच. परत आलो, ओसरीवरूनच आईला हाक मारली. ओ आली नाही. म्हटलं, आत असेल, म्हणून स्वयंपाकघरात गेलो. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. कोर्समध्ये व्यत्यय नको म्हणून कळवलं नाही."

शांतानं हळूच विचारलं, "मंग तुमी काय केलं?"

"काय करणार? पहिल्या वर्गात पास झालो होतो ना!"

 परतीच्या वाटेवर बडनेऱ्याला गाडी बदलताना गोदाताई म्हणाल्या, "आपल्या पत्रातही सर्व कुशलच असतं. पाठवतो त्यातही, आणि येतं त्यातही."

*

आमच्याकडच्यांच्या युनिव्हर्सिटीचं एक जाडजूड पुस्तक मामंजींच्या कपाटात होतं. त्याला 'कॅलेंडर' म्हणतात. मी पहिले दोन दिवस त्यात एकादशी शोधत होते!

अकोल्याहून आल्यावर मी ते नेटानं वाचायला घेतलं. माझं इंग्रजी शाळेतल्या चार इयत्तांपुरतं, शेजारी डिक्शनरी. काय काय कोर्स होते! चामडं कमावण्याचा, कोळशाच्या खाणींचा, दूधदुभत्याचा. दूध काढायला युनिव्हर्सिटी! परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी पानं, प्रवेशाच्या अटी, राहायची सोय. दीड महिना मी दुपारची त्या पुस्तकातच राहायला होते म्हणा ना. दोन-तीन कोर्स तर मी स्वतःसाठी पसंतही करून ठेवले होते.

शेवटी रंगाच्या रसायनाचं पान सापडलं. डिप्लोमा, मुदत दोन वर्षं.

मी बोटावर मोजलं. हे जाऊन तिसरं वर्ष चालू होतं. घरी त्यांनी लिहिलं होतं, कोर्स तीन वर्षांचा आहे.

खाली बारीक अक्षरात नियम होता. एका विषयात नापास झालेल्यास ते संपूर्ण वर्ष पुन्हा करावे लागेल.

त्या शनिवारी मी वर्गातच पत्र लिहिलं. लग्नानंतरचं माझं त्यांना पहिलं स्वतंत्र पत्र. "कॅलेंडर वाचले. नियम कळला. मामंजींना सांगणार नाही. इकडेही सर्व कुशल नाही. मला करमत नाही." उत्तरासाठी गोदाताईंचा पत्ता दिला.

उत्तर आलं. गोदाताईंनी न फोडता आणून हातात ठेवलं. चार पानं! वर लिहिलं होतं, "प्रिय इंदू." आमच्याकडच्यांनी लिहिलं होतं की निकाल लागला त्या दिवशी दिवसभर ते तिथल्या स्टेशनवर बाकावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या पाहत होते. "वर्षभर हे कोणाला सांगता आले नाही. तू ते पुस्तक वाचशील असे कधी वाटले नव्हते."

मी वर्गातल्या शिवणाच्या मशीनच्या आडोशाला बसून दोनदा वाचलं.

शांतानं विचारलं, "काय लिवलं व?"

"नापास झाले!" मी म्हटलं.

"आन् हासून काहून राहिली?"

*

पुढच्या वर्षी आमचे हे पास होऊन आले. शांताचे त्याच उन्हाळ्यात आले आणि बूट न काढता थेट वावरात गेले. शांता सांगायची, "आता रोज घरी असतेत. पर बोलतेत पऱ्हाटीसंगच!"

आमचं निराळंच. कागदावर एवढं बोललो होतो आणि समोरासमोर आलो तर दोघांची दातखीळ! तीन वर्षांत त्यांचा चेहरा मी विसरले होते, माझा आवाज ते विसरले होते. पंधरा दिवस झाल्यावर मी एक चिठ्ठी लिहिली आणि चहाच्या बशीखाली ठेवली. "कसे आहात?"

ते ऑफिसला गेल्यावर बशी उचलली. खाली चिठ्ठी होती.

"इकडे सर्व कुशल."

*

गोदाताईंच्या यजमानांचा कोर्स तीन वर्षांचा. चौथ्या वर्षी पत्र आलं, एक परीक्षा राहिली आहे. सहाव्या वर्षी आलं की दुसरा एक अभ्यास घेतला आहे. मग वर्षाला एक कार्ड, आणि मग तेही नाही. पाठवलेली पत्रं परत मात्र येत नव्हती. लंडनहून आलेलं कोणी म्हणे, खोली बदलली. कोणी म्हणे, ग्रंथालयात दिसले होते, पाठमोरे.

आम्हा दोघींना मुलंबाळं झाली, शिवणाचा वर्ग सुटला. गोदाताई जात राहिल्या. एकदा बाजारातून येताना मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं, तर बाकाच्या कडेला बसल्या होत्या. आम्ही बसायचो ती जागा मोकळी ठेवून.

सासरे वारल्यावर त्यांनी शिक्षिका व्हायचं ठरवलं. बायकांच्या ट्रेनिंगचे अर्ज नागपूरला जायचे. ते इथल्या कचेरीत भरून द्यावे लागत. सोबत म्हणून मी गेले होते. कारकून वयस्क, सभ्य. एकेक रकाना विचारून स्वतःच भरत होता.

"नाव?"

त्यांनी सांगितलं.

"विवाहित की विधवा?"

"विवाहित."

"यजमानांचं वय?"

"त्रेचाळीस."

"यजमानांचा व्यवसाय?"

गोदाताईंनी पदर नीट केला.

"विद्यार्थी."

कारकुनाची लेखणी थांबली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होते. मग तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "त्रेचाळिसाव्या वर्षी? काय शिकतात, बाई?"

"ते अजून कळवलेलं नाही," गोदाताई म्हणाल्या. "तुम्ही लिहा."