पाचट उडालं तो दिवस

काल अंजनगावच्या रस्त्यावर वाळल्या पाचटाचा वास आला आणि मी मनानं थेट आमच्या जुन्या वावरात पोचले. कपाशी लागोपाठ बुडाली म्हणून आम्ही ऊस लावला होता. तोडलेल्या उसाचं पाचट सोलून माझे हात चिरून निघाले. ते पाहून गावातल्या साबीरमिस्त्रींनी भंगारातल्या थ्रेशरचा पंखा बसवून ट्रॅक्टरवर चालणारं, पाचट उडवायचं यंत्र बनवलं. ट्रॅक्टर सुरू झाला, पंखा घोंघावला, पाचट आभाळभर उडालं आणि खाली पडला लखलखीत ऊस! मी आनंदानं ओरडलेच. पहिलं कांडं मिस्त्रींपुढे धरलं.

“रोजा हाये ना, भाभी,” ते हसले.

आमच्या ह्यांनी तोंडाशी नेलेलं कांडं खाली घेतलं. “मंग आमी बी थांबतो.”

रोजा सुटायची वाट बघत आम्ही तिघं बांधावर बसलो. दिवस बुडता बुडेना, म्हणून मी सूर्यावर केवढी चिडले होते! आज वाटतं, तो आणखी घटकाभर रेंगाळला असता तर काय बिघडलं असतं?