हँडब्रेक ओढायचा नाही

गॅरेजमध्ये ऑइलचे डाग आणि किस्से सारखेच साचतात. कितीही पुसा, फरशीवर थोडं उरतंच. फतेगंजला शिर्केकाकांच्या गॅरेजमध्ये मी तीन वर्षं काम करते आहे. मेकॅनिकल करून इथे कशाला, असं घरचे अजून विचारतात. लोक वस्तू सांभाळत नाहीत, टाकून देतात, आणि मला ते बघवत नाही, म्हणून!

*

एक गिऱ्हाईक दर शनिवारी गाडीला नवीन लिंबू-मिरची बांधायचं. इंजिन ऑइल मात्र दोन वर्षं तेच, डांबरासारखं झालेलं.

मी म्हटलं, "लिंबू आठवड्याला बदलता, तर ऑइल वर्षाला तरी बदला."

तो शांतपणे म्हणाला, "बेन, ऑइल कोणाला दिसतं?"

काका आठवडाभर हसत होते.

*

घोरपडेसाहेब याच्या अगदी उलट. बाजव्याकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघून रिटायर झालेले. त्यांची तीस वर्षं जुनी लाल स्पोर्ट्स कार, दोन सीटची. दर रविवारी सकाळी सातला मी त्यांच्या बंगल्यावर जायचे. ऑइल, कूलंट, टायरची हवा तपासायची आणि इंजिन नीट गरम होऊ द्यायचं. मग टायर एकाच जागी दबू नये म्हणून गाडी अर्धं चाक ढकलायची, एका रविवारी पुढे, पुढच्या रविवारी मागे. टायरवरची खडूची खूण कधी वर, कधी खाली. शेवटी बॅटरीची वायर काढून पिवळ्या फडक्यात गुंडाळायची, चाकांना विटा लावायच्या. हँडब्रेक मात्र ओढायचा नाही. उभ्या गाडीत तो चिकटून बसतो.

एकदा सवयीने ओढला. साहेब बाहेर पेपर वाचत होते. तिथूनच म्हणाले, "खाली."

*

साहेब गेले. तिसऱ्या दिवशी काका आणि मी भेटायला गेलो. निघताना त्यांच्या फोटोला नमस्कार केला आणि दिवसभर गुजराती गिऱ्हाइकांना निरोप देताना म्हणते तेच तोंडातून निघून गेलं, "आवजो."

रस्त्यावर आल्यावर काका म्हणाले, "अगं, अशा घरातून निघताना आपण 'येतो'सुद्धा म्हणत नाही. आणि तू त्यांनाच 'या' म्हणून आलीस?"

मी चिडले. "शब्दांनी काही होत असतं, तर स्पार्क प्लग कशाला लागले असते?"

काका त्या दिवशी हसले नाहीत.

*

साहेबांच्या पत्नीने, काकूंनी, मला एकच अट घातली. "ज्या रविवारी गाडी सुरू होणार नाही, त्या दिवशी भंगारात जाईल. मला पुन्हा काही थांबताना बघायचं नाही."

मी एकही रविवार चुकवला नाही. मग डेंग्यू झाला आणि एक चुकला. पुढच्या रविवारी बंगल्यातल्या गॅरेजचं शटर उघडलं. खडूची खूण मी वर सोडली होती, ती खाली होती. विटा जागच्या जागी. शटरची किल्ली एकच, आणि ती तापातही माझ्या उशाशी होती.

आपल्याच लक्षात राहिलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

*

गेल्या महिन्यात मात्र मोठी चूक केली. बहिणीच्या बाळंतपणासाठी रविवारचं काम घाईत आटपून सुरतला निघाले आणि रेल्वेत बसल्यावर आठवलं: हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची वायर जोडलेली, आतला दिवा चालू! शटरची किल्ली माझ्या पर्समध्ये. तिकडे तीन आठवडे अडकले.

परत आले त्या रविवारी काकू बंगल्याच्या पायरीवर उभ्या होत्या. भंगारवाल्याला त्यांनी दहाला बोलावून ठेवलं होतं.

शटर उघडलं. आतला दिवा बंद. हँडब्रेक खाली. वायर काढलेली, पिवळ्या फडक्यात नीट गुंडाळलेली.

मी ती जोडली. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं. काकूंनी भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

नेहमीची सगळी कामं केली. उतरताना हँडब्रेक ओढला. मुद्दाम. शटर खाली घेतलं, कुलूप लावलं.

काकू मागेच होत्या. हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी निघताना त्यांना जे म्हणालीस, ते पुन्हा म्हण."

मी बंद शटरकडे बघून म्हणाले, "आवजो."

आत खट्कन हँडब्रेक खाली गेला.