गोंदण

सुमनबाईंनी औषधाचं पाकीट घ्यायला हात पुढे केला आणि पाकीट माझ्याच हातात राहिलं. मनगटाच्या वर गोंदण होतं. तुळशीवृंदावन, आणि खाली ठळक अक्षरांत नवऱ्याचं नाव. ह्याच हाताचा फोटो मी तासाभरापूर्वी जर्नलला पाठवला होता.

मी यवतमाळला त्वचारोगाची डॉक्टर. सुमनबाई मुकुटबनकडच्या. त्यांना कुष्ठरोग होता, उपचार संपत आले होते, आणि नवरा सोडून घरात कुणाला पत्ता नव्हता. मुलीची सोयरीक जमलेली, होणारा जावई वणीला मेडिकल स्टोअरमध्ये. "फोटू घ्या बाई, पन मले कोनी वयखू नये. पोरीचं लगन मोडन," एवढ्या अटीवर त्यांनी संमतीपत्रावर सही केली होती.

त्यांच्या हातावरचा चट्टा जरा वेगळा होता, म्हणून मी केस रिपोर्ट लिहिला. एकाच पेशंटची हकीकत, एवढाच त्याचा अर्थ. नाव काढलं, गाव काढलं, चेहऱ्याच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी ओढली. हाताचा फोटो पंधरा वेळा पाहिला असेन. पण मेली नजर चट्ट्यावरच!

वर मी प्रीप्रिंटच्या चौकटीतही टिक केली होती. म्हणजे तज्ज्ञांनी, रिव्ह्यूअरनी, तपासायच्या आधीच लेख नेटवर, कुणीही उघडावा. कधी येईल याचा नेम नाही.

सुमनबाईंना बाकावर बसवलं आणि मी विभागप्रमुखांकडे पळाले. पेपरवर त्यांचंही नाव होतं.

"अहो मॅडम, इंग्रजी जर्नल मुकुटबनला कोण वाचून राह्यलं?"

"सर, फोटो वाचावा लागत नाही."

सर म्हणाले, "विथड्रॉ करा. आत्ताच."

मेल टाकला. जर्नलच्या ऑफिसला फोन लावला, कुणी उचलेना. तिसऱ्यांदा एका मुलीने उचलला.

"मॅम, मेल करा ना."

"केलाय हो! फक्त तो फोटो वर जाऊ देऊ नका."

"बघते."

बघते म्हणजे काय? मी दर मिनिटाला पान उघडत होते. प्रत्येक वेळी वाटायचं, आता तो हात दिसणार. दारातून सुमनबाईंनी विचारलं, "काय झालं बाई? रोग वापस आला काय?" त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

चार वाजता मेल आला. पेपर परत घेतला होता, नेटवर गेलाच नव्हता. मी खुर्चीत बसले आणि चक्क रडले.

मग त्यांना आत बोलावलं, फोटो दाखवला, माझी चूक सांगितली. त्यांनी एकदाच पाहिलं.

"डोयाले पट्टी लावली, अन् मालकाचं नाव उघडंच ठेवलं?" मग म्हणाल्या, "पोरीचं लगन होऊ द्या. मंग छापजा."

लग्न वैशाखात आहे. पेपर माझ्याकडे पडून आहे. आता सबमिट दाबायच्या आधी मी फोटो पेशंटलाच दाखवते. रिव्ह्यूअर चट्टा तपासतो, हात कशावरून ओळखू येईल, ते पेशंटलाच कळतं.