न पाहिलेलं तोंड

बाबा सतरा वर्षं फौजेत होते, पण गावात त्यांचं नाव निघायचं ते वेगळ्याच कामासाठी. हायवेवर कुणाचा अपघात झाला की लोक आधी बाबांना फोन करायचे. सरकारी दवाखान्यात जायचं, ओळख पटवायची, सह्या करायच्या, चिरफाड झाली की प्रेत नीट बांधून घरी आणायचं, हे सगळं बाबा करायचे. घरच्यांनी फक्त रडायचं. कुंभिवलीच्या आसपास टँकर-टेंपोंनी आमच्या भागातली किती माणसं खाल्ली, ते मोजत बसू नये.

ही विद्या त्यांना फौजेनं शिकवली. गेलेल्या जवानाची शवपेटी घेऊन त्याच्या गावी जायचं काम त्यांच्यावर चारदा आलं होतं. दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, आधी कुणाला धरायचं, हे त्यांना पाठ होतं. आणि एक नियम होता. तोंड उघडून दाखवायचं नाही. "घरातनं गेला तसा ध्यानात ठेवा," असं ते त्या माणसाच्या आईला सांगायचे आणि ती बाई ऐकायची. त्यांचा आवाजच तसा होता.

घरात मात्र हा माणूस लोण्याहून मऊ. निवृत्तीनंतर रसायनीच्या एका कारखान्याच्या गेटवर कामाला लागले. सुटीच्या दिवशी आईला स्वयंपाकाला हात लावू द्यायचे नाहीत. स्वतः कालवण करायचे, तेही फौजेच्या मापानं, पंधरा माणसांना पुरेल एवढं. ते आम्ही दोन दिवस नाकं मुरडत खायचो. माझ्या वेण्या तेच घालायचे, इतक्या घट्ट की भुवया वर चढायच्या. "पोरीला काय परेडला न्यायचीय?" आई चिडवायची. भावावर तर त्यांचा जीव होता. तो नोकरीला लागला तेव्हा आपला फौजेतला पट्टा बाबांनी स्वतः त्याच्या कमरेला बांधला.

भाऊ चोवीस वर्षांचा होता. सकाळच्या पाळीला मोटरसायकलवरून निघाला आणि टँकरनं त्याला उडवलं. फोन नेहमीप्रमाणे बाबांनाच आला. गावातली चार माणसं म्हणाली, या वेळी तुम्ही नका जाऊ, आम्ही जातो. बाबा कुणाचं ऐकतात? दुपारी त्यांनीच त्याला आणला, स्वतःच्या हातांनी बांधलेला, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला.

आई म्हणाली, "तोंड दाखवा."

"नाय," बाबा म्हणाले. "घरातनं गेला तसाच ध्यानात ठेव."

आई कापडाकडे झेपावली. बाबांनी हात आडवा घातला. तिनं त्या हाताला कडकडून चावा घेतला, रक्त आलं, तरी त्यांनी हात काढला नाही. बायकांनी तिला मागे ओढलं. पोराच्या तोंडात शेवटचं पाणीसुद्धा घालता आलं नाही तिला.

त्यानंतर नऊ वर्षं दोघं एका घरात राहिली, जेवली, भाताची लावणी-कापणी केली. त्या दिवसाबद्दल आईनं अवाक्षर काढलं नाही. मला बाबांचा राग यायचा, पण मनात म्हणायचे, चेहरा बघवण्यासारखा नसेल उरला. आईला वाचवलं त्यांनी.

गेल्या वर्षी बाबांच्या फुप्फुसांनी दगा दिला. मी मोहोपाड्याहून माहेरी येऊन राहिले. एका दुपारी त्यांना पेज भरवत होते, तर चमचा बाजूला सारून म्हणाले, "पोराचं तोंड मी पायलंच नाय गं."

मला कळेना. मग अडखळत, धापा टाकत त्यांनी सांगितलं. दवाखान्यातल्या माणसानं कापड वर केलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. कमरेचा पट्टा तेवढा पाहिला होता. "माझाच," म्हणाले आणि सही केली. बांधतानाही तोंडावरचं कापड त्यांनी हलवलं नव्हतं. तो माणूस म्हणाला, काका, मार छातीला बसलाय, तोंडाला काय झालं नाय, आईला दाखवा. "तिच्यासाठी उघडलं असतं तर मलापण बगायला लागलं असतं," बाबा म्हणाले. "मला जमलं नाय. तिला सांगू नको."

मी फटकळ आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझं डोकं सणकलं. दुसऱ्यांच्या आयांना शहाणपण शिकवणारा माणूस स्वतःच्या पोराला बघायला भ्याला, आणि त्याची शिक्षा माझ्या आईनं भोगली! मी तडक स्वयंपाकघरात गेले. आई तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगून टाकलं. चेहरा चांगला होता हे ऐकून तिला बरं वाटेल, असं वाटलं होतं मला.

आईचा हात थांबला. "म्हंजे यांनी बगितलंच नाय?"

"नाय."

"मग तो आपलाच होता, हे कशावरनं?"

मी गाडीचा नंबर सांगितला, मोबाइल सांगितला, पट्टा सांगितला. नऊ वर्षं झाली, असता तर आला नसता का, म्हणून ओरडलेसुद्धा. ती उठून बाबांच्या खाटेजवळ गेली.

"तो आपलाच होता?"

"आपलाच."

"कशावरनं?"

बाबांनी आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर अकराव्या दिवशी बाबा गेले. ओटीवर ठेवलं, तोंड उघडं ठेवलं. सगळं गाव येऊन बघून गेलं. ज्यांची माणसं त्यांनी घरी आणली होती, ती घरंच्या घरं आली. आई मात्र जवळ बसेना. ती पायरीवर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक तिशीतल्या पुरुषाचं तोंड निरखत होती.

मी तिचा दंड धरला. "आई, चल गं. उचलायची वेळ झाली. एकदा बाबांचं तोंड बगून घे."

"थांब जरा," ती म्हणाली. "अग्नी द्यायला पोरगा नको? बाप गेल्याचं कळलं म्हंजे येईल तो."

तिच्यासाठी आम्ही अर्धा तास थांबलो. त्या अर्ध्या तासात रस्त्याकडे मीही बघत होते.